भोकाची गादी

मागच्या महिन्यात माझ्या नातीनं तिच्या हेडफोनच्या गाद्या बदलल्या. कानावर बसणाऱ्या त्या गोल, मऊ उशांना ती पॅड म्हणते. मी गाद्याच म्हणतो. जुन्यांची काळी कातडी सोलवटून तिच्या केसांत, खांद्यावर, एकदा तर वरणाच्या वाटीतही पडली होती. टपालानं एक लहानसं खोकं आलं, तिनं ते माझ्यासमोर फोडलं आणि नवी जोडी माझ्या हातात दिली. म्हणाली, नाना, बघा किती मऊ आहेत. मी मऊपणा बघितलाच नाही. माझं बोट आपोआप मधल्या भोकातून आरपार गेलं आणि तिथंच राहिलं. ती हसली, ती अंगठी नाहीये नाना, म्हणाली. मग जुन्या गाद्या ओढून काढून नव्या बसवायला तिला माझा चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. ज्या कामात आमच्या घराचा एक अख्खा उन्हाळा गेला, ते काम माझ्या डोळ्यांसमोर असं झालं. त्या उन्हाळ्याबद्दल मी मुलांशी कधी बोललो नाही. लपवायचं होतं असं नाही. कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं. आता बोट अडकलंच आहे, तर तिथूनच सुरू करतो.

आम्ही येडशीचे पिंजारी. स्टेशनाकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर आमचं दोन खणांचं घर होतं. पुढच्या खणात आढ्याला दोरीनं टांगलेलं पिंजण असायचं. पिंजण म्हणजे माणसाच्या उंचीची लाकडी कमान आणि तिला ताणून बांधलेली आतड्याची तात. अब्बा उकिडवे बसून तातेवर लाकडी दस्त्याचा ठोका मारायचे, तात कापसात थरथरायची, आणि दडपलेला, वर्षानुवर्षं कुणाच्या तरी अंगाखाली पडून दगड झालेला कापूस धुक्यासारखा उसळून वर यायचा. ढण्ण, ढुंग. ढण्ण, ढुंग. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आमच्या घराला हा आवाज असायचा, जशी दुसऱ्यांच्या घराला भिंत असते. अम्माच्या हातची अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, शुक्रवारची खिचडी आणि चिंचेचा खट्टा, सगळ्यात कापसाचा एखादा तंतू सापडायचाच. पाहुणे तो बोटानं काढून टाकायचे. आम्ही गिळायचो. अब्बा म्हणायचे, पिंजाऱ्याचं पोर आतून पण भरलेलं पाहिजे.

त्या आवाजामुळं आमच्या घरात बोलण्याची एक रीत पडली होती. ठोक्यावर कुणी बोलायचं नाही. बोललं तरी ऐकू येत नसे. दोन ठोक्यांच्या मध्ये जी फट राहते तिच्यात शब्द टाकायचे. "अम्मा", मग ढुंग, "भूक", मग ढुंग, "लागली". पाहुणे आले की त्यांना आमचं बोलणं थांबून थांबून, तोतऱ्यासारखं वाटायचं. कॉलेजात गेल्यावरसुद्धा मी तसंच बोलायचो आणि पोरं हसायची. आमची हलिमाआपा या कामात सगळ्यांत तरबेज होती. माझ्याहून थोडीच मोठी, पण घर तिच्या हातावर चालायचं. मागच्या खणात बसून गाद्यांना टाके घालता घालता ती फटीफटीतून अब्बांशी भांडायची, मला चिडवायची, शेजारणीची नक्कल करायची, आणि एकही शब्द ठोक्याखाली सापडत नसे. संध्याकाळी बारक्या गाडीची, म्हणजे अरुंद रुळांवरच्या आगगाडीची, शिट्टी रामलिंगच्या डोंगराकडून ऐकू आली की आपा सुई गादीत खोचून उठायची आणि तवा चुलीवर ठेवायची. आमच्याकडं घड्याळ नव्हतं. शिट्टी, मग तवा, मग भाकरी थापल्याचा आवाज, एवढं आमचं घड्याळ.

मी कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना आपाला मुदतीचा ताप आला. मी सोलापूरला होतो, घरी आलो तेव्हा ताप उतरला होता. आपाचे केस गेले होते, कानांमागं फोड येऊन चट्टे पडले होते, पण ती उठून बसली होती आणि मला बघून हसली होती. सगळं ठीक झालं असंच आम्ही धरून चाललो. मी पुढच्या खणात बसून अब्बांना कॉलेजातल्या गोष्टी सांगत होतो, ठोक्यांच्या फटीतून, आणि आतून आपानं काहीतरी विचारलं. तिचा शब्द बरोबर ठोक्यावर पडला. अब्बांनी दस्ता हवेतच धरला. ती पुन्हा बोलली, आता शांततेत, पण इतक्या मोठ्यानं की बाहेरच्या बकऱ्यांनी माना वर केल्या. त्या संध्याकाळी शिट्टी झाली. आपा टाके घालत राहिली. अम्मा तिच्याकडं बघत बसली, मी अम्माकडं, आणि तवा कुणीच ठेवला नाही.

उस्मानाबादच्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले की तापात असं होतं कधी कधी, वाट बघा. वाट बघायला आमची ना नव्हती. पण आपाची मंगनी झालेली होती. जळकोटला, हमरस्त्यावर गाद्यांचं दुकान असलेल्या आमच्यातल्याच एका घरी. त्यांनी दिलेला हिरव्या मखमलीचा खण, ओढणी आणि अत्तराची कुपी अम्माच्या पेटीत होती. जळकोटकरांपर्यंत बातमी पोचायला वेळ लागला नाही. त्यांच्याकडून निरोप आला. निकाहाच्या वेळी वकील आणि गवाह येऊन मुलीला तीन वेळा विचारणार, कबूल आहे का. तिला ऐकूच आलं नाही तर ती कशाला कबूल म्हणणार? आमचे काजीसाहेब भला माणूस. ते म्हणाले की मुकी-बहिरी माणसं इशाऱ्यानं कबूल करतात, दीनात त्याला मनाई नाही. पण जळकोटकरांना दीन विचारायचाच नव्हता. पेरण्यांच्या आधी आम्ही येऊन बघू, मुलीला एवढं विचारलेलं जरी ऐकू आलं तरी आमची हरकत नाही, असं त्यांनी कळवलं. म्हणजे आपाला अख्खं जग ऐकू यायला नको होतं. एक प्रश्न ऐकू यायला हवा होता.

मी आमच्या घरातला पहिला शिकलेला. शाळा उर्दूतून सुरू झाली, राज्य बदललं आणि ती मराठीतून संपली. कॉलेजात इंग्रजी आली. त्यामुळं कुठल्याच भाषेत मला धड प्रश्न विचारता येत नसे. तरी पदार्थविज्ञानाच्या सरांच्या खोलीबाहेर बरेच दिवस घुटमळून मी एकदाचं विचारलं. सरांनी मला बसवलं आणि कागदावर कानाचं चित्र काढून दाखवलं. बहिरेपण दोन जातीचं असतं, म्हणाले. आवाजाची वाट बंद झाली असेल तर जोर लावून आवाज आत ढकलता येतो. पण आतली तारच गेली असेल तर बाहेर तोफ डागली तरी उपयोग नाही. कोणत्या जातीचं आहे ते कसं कळणार, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, रेडिओच्या यंत्राला हेडफोन जोडून मोठ्यात मोठा आवाज कानात सोडून बघ. मात्र हेडफोन कानावर घट्ट आणि मऊ बसला पाहिजे, फट राहिली तर आवाज बाहेर सांडतो. सांडतो हा शब्द मला फार आवडला. सांडलेलं भरून काढायचा धंदा तर आमचाच होता.

सोलापूरच्या जुन्या बाजारात मला एक हेडफोन मिळाला. लष्करातून बाद झालेला असावा. डोक्यावरची पोलादी पट्टी गंजलेली, दोन काळ्या वाट्या, त्यातली एक तडकलेली, आणि वाट्यांवरच्या रबरी गाद्या उन्हानं वितळून डांबरासारख्या चिकट झालेल्या. आतली चकती आणि तारेचं वेटोळं मात्र शाबूत होतं. सरांनी प्रयोगशाळेत लावून बघितला, माझ्या कानाला लावला, आणि इतका स्पष्ट आवाज आला की मी दचकून खुर्ची पाडली. ते गाठोड्यात बांधून मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो. त्या एसटीच्या प्रवासात मी जितका आनंदात होतो तितका नंतर कधी झालो की नाही, मला सांगता येणार नाही.

तडकलेल्या वाटीच्या जागी काय बसवायचं हे आपानंच सुचवलं. मी जमिनीवर खडूनं चित्र काढून तिला समजावत होतो. ती उठली, परसातून वाळलेलं कवठ घेऊन आली आणि मधोमध रेघ मारून दाखवली. रामलिंगच्या जंगलातली कवठं टणक असतात. त्यातलं एक आम्ही करवतीनं कापलं, गर खरवडला, कडा दगडावर घासून सपाट केल्या. वेटोळं आत बसवून कासाराकडच्या लाखेनं चिकटवलं. दुसरी वाटी शाबूत असूनही आपा म्हणाली, दोन्ही सारख्या पाहिजेत, नायतर मी माकडावानी दिसेन. म्हणून ती पण बदलली. तिला आरशात स्वतःला बघायचं होतं, ही गोष्ट आज मला जास्त कळते. तेव्हा मला वाटलं, नाहक एक दिवस गेला.

गाद्यांचं काम अब्बांचं. मी त्यांना मापं दिली आणि म्हणालो, मधे मोकळं ठेवा, आवाज यायला. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, समजलं. अब्बा त्या दिवसांत वेगळेच माणूस झाले होते. मी कॉलेजात जे शिकत होतो त्यात त्यांना कुठं हात घालता येत नव्हता. आता माझ्या शिक्षणाला त्यांच्या कापसाची गरज पडली होती. बेंबळीच्या बाजूला गिऱ्हाइकं वाट बघत होती, ती त्यांनी तशीच ठेवली. साधा कापूस नको म्हणाले, तो दबतो. जंगलात सावरीची बोंडं फुटली होती. त्यांनी पोतंभर आणून उन्हात घातली आणि त्यातला रेशमासारखा कापूस हातानं मोकळा केला, पिंजणाला लावला नाही. कापड कुठलं घ्यायचं यावर अम्मा बोलली. तिनं पेटी उघडून जळकोटचा हिरवा मखमली खण काढला आणि एका कोपऱ्यातून कात्री चालवली. सासरच्या कपड्यानं कान लवकर उघडतील, असं तिचं म्हणणं. मी शिकलेला होतो, पण मला त्यात चुकीचं काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं. आपा ते कापताना बघत होती आणि खूप दिवसांनी लाजली.

रेडिओ गावात एकच, ग्रामपंचायतीचा. त्याची किल्ली पंचायतीचे शिपाई दगडूमामा यांच्याकडं. चावडीत चार माणसांसमोर आपाला नेऊन बसवणं शक्य नव्हतं, म्हणून रेडिओच घरी आणायचा ठरला. सरपंच उस्मानाबादला तहसिलात गेल्याचा मोका साधून दगडूमामा एका दुपारी बैलगाडीत रेडिओ, त्याची जड बॅटरी आणि वर झाकायला आमचीच एक गादी घालून आले. वाटेत कुणी विचारलं तर गादी भरायला चाललोय असं सांगायचं, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. लिंबावर चढून हवेची तार, म्हणजे एरियल, बांधताना ते म्हणत होते, "सरपंचाला कळलं तर माझी नोकरी गेली, इमाम. मंग मला पिंजायला ठेवा म्हणावं तुझ्या बापाला." रेडिओ तापायला वेळ लागायचा. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, की ह्यो पण सरपंचावानीच हाय, गरम झाल्याबिगर बोलत न्हाय.

अब्बांनी गाद्या तोवर कुणाला दाखवल्या नव्हत्या. त्यांनी त्या कपड्यात गुंडाळून आणल्या आणि माझ्या हातात ठेवल्या. इतकं सुबक काम मी त्यांच्या हातचं पाहिलं नव्हतं. हिरव्या मखमलीच्या दोन गोल गाद्या, कडेला दुहेरी टाका, कवठाच्या वाटीवर टोपीसारख्या बसणाऱ्या, आणि मधोमध, जिथं भोक असायला हवं होतं, तिथं एक छोटी गुंडी टाचलेली. मी गादी उलटी केली. पाठीमागंही बंद. मी म्हणालो, अब्बा, मधे मोकळं ठेवायचं होतं ना. अब्बा म्हणाले, आधी असंच लावून बघ. आवाज काय, कापसातून पण जातो. इतके दिवस तू माझ्या पिंजणाशेजारी बसून बोललास की न्हाय?

लावून बघितलं. हेडफोन मी आधी माझ्या कानाला लावला. दुपारच्या बातम्या चालल्या होत्या. बातम्या देणारा माणूस एखाद्या आडाच्या तळाशी बसून बोलतोय असं वाटलं. मग आपाच्या डोक्यावर पट्टी बसवली. तिनं ओढणी सारखी केली, डोळे मिटले. आम्ही सगळे तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले आणि मान हलवली. नाही. आणि आता जे सांगणार आहे ते मला अजून विचित्र वाटतं. ती नाही म्हणाली आणि आम्हाला सगळ्यांना हायसं वाटलं. दोष गादीचा होता. दगडूमामा तर हसायलाच लागले, म्हणाले, पाटाचं दार न उघडता पाणी कुठं गेलं म्हून हुडकायलात तुमी. मी अम्माकडं कात्री मागितली.

तेव्हा अब्बा बोलले. माझ्याशी कधी बोलले नव्हते अशा आवाजात बोलले. "भोकाची गादी माझ्या पोरीच्या अंगाला लागणार न्हाय, इमाम."

दगडूमामांना ते कळलं नाही. मला कळायला हवं होतं. मी पिंजाऱ्याचा मुलगा, पण सरांच्या चित्रात इतका गुंतलो होतो की गादी आणि भोक हे दोन शब्द मी एकत्र ऐकलेच नव्हते. आमच्या धंद्यात मधोमध भोक असलेली गादी एकाच कामासाठी भरतात. जो माणूस अंथरुणाला खिळला, जो आता उठून परसाकडं जाणार नाही, त्याच्यासाठी. खाली भांडं ठेवतात. कुणाच्या घरून भोकाची गादी भरायचा निरोप आला की पिंजारी समजतो. तो त्या कामाची मजुरी घेत नाही, आणि भोकाचा कापून काढलेला गोल तुकडा कुणाच्या घरात ठेवत नाहीत, ओढ्यात सोडतात. माझी आजी, अब्बांची आई, अब्बांनीच भरलेल्या अशा गादीवर गेली होती. ज्यांच्यासाठी त्यांनी ती भरली त्यातला एकही माणूस उठल्याचं त्यांना माहीत नव्हतं. आणि मी त्यांना सांगत होतो की तशीच गादी, लहान करून, लग्न ठरलेल्या मुलीच्या डोक्याला लावा.

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. समजावत होतो, हेडफोन आणि अंथरूण यांत फरक आहे, आवाज सांडतो, वाट बंद असेल तर अजून उघडेल, असं सगळं. सवयीनं थांबून थांबून बोलत होतो, जणू अजून ठोके पडतायत. अब्बा खाली बघून एवढंच म्हणत राहिले की आज राहू दे, उद्या बघू. अम्मा रडत होती. आपा आमच्या तोंडांकडं बघत होती, ह्याच्याकडून त्याच्याकडं. तिला आमच्यातला एकही शब्द ऐकू येत नव्हता, तरी कशावरून भांडण आहे ते तिला कळलं. ती पिंजाऱ्याचीच मुलगी. तिनं पट्टी डोक्यावरून उतरवली, अम्माच्या हातातली कात्री घेतली, गुंडी तोडली आणि दोन्ही गाद्यांच्या मधून गोल कापून काढला. हात स्थिर होता. सावरीचा कापूस भुर्रकन उडून तिच्या भुवयांवर बसला. अब्बांनी तोंड भिंतीकडं केलं.

मी पट्टी पुन्हा तिच्या डोक्यावर ठेवली. आता गादी कानाच्या पाळीभोवती नीट बसली, कुठं फट राहिली नाही. मी बटण हळूहळू पिळत गेलो. बातम्या संपून कुठलंसं गाणं लागलं होतं. आवाज वाढत गेला. कवठाची वाटी थरथरायला लागली, मला ती बोटांना जाणवत होती. बटण शेवटपर्यंत गेलं. अंगणात उभ्या असलेल्या दगडूमामांना ते गाणं ऐकू आलं, आणि चुलीपाशी दाणे टिपणारी कोंबडी घाबरून बाहेर पळाली. आपा डोळे मिटून, पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून बसली होती, जशी मुलगी निकाहाला बसते. बसून राहिली. मग तिनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि त्या मोठ्या, फटी हरवलेल्या आवाजात म्हणाली,

"इमाम, चालू कर की."

दगडूमामांनी रेडिओ गाडीत घातला. लिंबावरची तार तशीच राहिली. अब्बांनी जमिनीवरचे कापलेले मखमलीचे गोल आणि कापूस गोळा केला, उपरण्यात बांधला आणि ओढ्याकडं गेले. ते उन्हात जाताना मला दिसत होते. मला इतकंच वाटत होतं की गादी बंद होती तोवर आमच्याकडं काहीतरी होतं.

पेरण्यांच्या आधी जळकोटहून मुलाचे चाचा आले. सभ्य माणूस, बोलायला गोड. बाजेवर बसले, चहा घेतला, हवापाण्याचं बोलले. मग पडद्याकडं तोंड करून, नेहमीच्या आवाजात, "बेटी, थोडं पाणी देतीस का?" म्हणाले. पडद्याच्या आत आपा बसली होती. गादीतून सुई वर येताना दोरा सरकतो त्याचा बारीक आवाज बाहेर येत होता. तो थांबला नाही. अम्मानं पाणी आणून दिलं. चाचांनी ते सगळं पिऊन टाकलं, पेला खाली ठेवला, आणि अब्बांच्या खांद्यावर हात ठेवून उठले. वाईट त्यांनाही वाटत होतं. ते खोटं नव्हतं.

त्यानंतर अब्बांनी पिंजणाला हात लावला नाही. तात ढिली झालीय, म्हणायचे. नवी तात आणून दिली तरी ढिलीच म्हणायचे. ते बाजेवर पडून असायचे आणि घर इतकं शांत झालं की आम्ही एकमेकांशी बोलायला बिचकायचो. फट शोधायची सवय, आणि आता सगळी फटच. आपाला आवाज बंद झाल्याचं कळलं नाही. तिला उशिरा कळलं, भाकरीत कापूस दिसेनासा झाला तेव्हा. तिनं भाकरी मोडून, उजेडात धरून बघितली आणि अब्बांकडं बघितलं. पुढं पिंजण तिनंच घेतलं. आमच्यात बायका पिंजत नाहीत, तरी घेतलं. तिचा ठोका कधी एका लयीत पडला नाही. तिचं लग्न झालं नाही. शेवटपर्यंत ती संध्याकाळी दारात उभी राहून डोंगराकडं गाडीचा धूर दिसतो का बघायची आणि मग तवा ठेवायची. ढगाळ दिवशी भाकरीला उशीर व्हायचा.

मंगनी मोडली की आलेलं सगळं परत करतात. कॉलेजला जाताना वाट वाकडी करून जळकोटला ते देऊन जायचं काम माझ्याकडं आलं. खणाचा कोपरा कापलेला होता. अम्मा म्हणाली, त्यांचं कापड आपल्या घरात राहायला नको. तिनं हेडफोनवरून गाद्या उसवल्या, कापूस झटकला, मखमल धुतली आणि रात्रभर उशीखाली ठेवून सपाट केली. मग खणाच्या घडीत ते दोन हिरवे गोल, मधे भोक असलेले, ठेवून गाठोडं बांधलं.

जळकोटला मुलाची आई दुकानाच्या मागच्या बाजूला बसली होती. तिनं मला गूळपाणी दिलं, अम्माची तब्येत विचारली. मग गाठोडं सोडलं. ओढणी बाजूला ठेवली, कुपी ठेवली, खण उलगडला तेव्हा ते दोन तुकडे तिच्या मांडीवर पडले. तिनं एक उचलून उजेडात धरला. तिचं बोट त्यातून आरपार गेलं. ती पिंजाऱ्याच्या घरातली बाई; तिला कापडाचा आकार कळायला वेळ लागला नाही. तिचा चेहरा बदलला. ती मुलाची आई उरली नाही, हलक्या आवाजात, जशी कुणीही बाई विचारेल तशी तिनं मला विचारलं,

"कोण पडून हाय रे बाबा, घरी?"

मी काहीतरी समजावायला तोंड उघडलं. हेडफोन, आवाज, वाट. मग म्हणालो, "अब्बा."

तिनं मान हलवली. बाकीचं सगळं ठेवून घेतलं, पण ते दोन तुकडे माझ्या हातात परत दिले आणि बोटं मिटवली. घरात ठेवू नको, वाटेत ओढा लागला की सोड, म्हणाली. मी हो म्हणालो आणि सोलापूरच्या एसटीत बसलो. वाटेत ओढा लागला, पुलावर गाडी हळू पण झाली. मी उठलो नाही. खिशात हात घालून बसलो होतो, आणि बोट त्या भोकात होतं.